दाढेतलं सिमेंट आणि फायबरची होडी

आमच्या मालवणात दातात काहीही भरलं तरी ते एकतर चांदी नाहीतर सिमेंट, तिसरा शब्दच नाही. माझ्या खालच्या दाढेत असंच पांढरं सिमेंट होतं, जेमतेम दोन वर्षांचं, आणि गेल्या मे महिन्यात कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी फोडताना त्याचा तुकडा निघून हातात आला. तो धुऊन उजेडात धरला तर वरची बाजू अगदी दातासारखी गुळगुळीत, पण जी बाजू दाताला चिकटून होती तिच्या कडेने केसाएवढी बारीक तपकिरी रेघ होती. चहाची असणार. म्हणजे चहा तिथपर्यंत आधीच पोचत होता, म्हणजे सिमेंट त्या दिवशी मोडलं असलं तरी कडेला ते कधीचंच सुटलेलं होतं. ती रेघ डोक्यातून जाईना म्हणून मी याच्या मागे लागलो.

मुळात हे सिमेंट नाहीच. डेंटिस्ट त्याला कंपोझिट म्हणतात आणि ते कसं बनतं हे समजायला आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला लांब जायला नको, बंदरावर ओढून ठेवलेली फायबरची होडी बघितली की झालं. होडीत काय असतं, रेझिन (म्हणजे लावल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) आणि काचेच्या धाग्यांची मॅट. दाढेत पण तेच, रेझिन आणि काच, फक्त काच धाग्यांची नसते तर पिठासारखी दळलेली असते. माझे काका देवबागला होड्यांची दुरुस्ती करतात, ते लहानपणी मला सांगायचे, "नुसता रेझिन लावन उपयोग नाय रे, आत मॅट व्हयी." दाताच्या रेझिनलाही हे तंतोतंत लागू आहे. नुसतं रेझिन मऊ, झिजणारं आणि घट्ट होताना भरपूर आकसणारं. त्यात वजनाने ७० ते ८० टक्के काच किंवा सिलिकाची पूड घातली की मग ते चावण्याच्या लायकीचं होतं.

हे जमवलं राफेल बोवेन या अमेरिकन माणसाने, १९६२ साली त्याला पेटंट मिळालं. त्याआधी दातात ॲक्रिलिक भरायचे, आणि त्याचा मूळ द्रव घट्ट होताना २१ टक्के आकसतो, मग ते कडेने सुटणार नाही तर काय! बोवेनने आधी इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन वापरून बघितलं पण ते घट्ट व्हायला फार वेळ घेई, तोंड उघडून कोण बसणार तेवढा वेळ. मग त्याने इपॉक्सीसारखा मोठा रेणू घेतला आणि त्याच्या टोकांना ॲक्रिलिकसारखे पटकन जुळणारे हात लावले. रेणू मोठा, त्यामुळे आकसणं कमी. त्याचं नाव बिस-जीएमए आणि आजही कितीतरी फिलिंग्जमध्ये तोच आहे.

पण मला बोवेनचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. काच आणि रेझिन यांचं आपसात जमत नाही, नुसती पूड कालवली तर प्रत्येक कण रेझिनमध्ये सुटा सुटा राहतो. बोवेनने पुडीला सिलेन लावलं. हा असा रेणू आहे की त्याचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं रेझिनच्या साखळीत गुंफलं जातं. (होडीच्या मॅटच्या धाग्यांवरही कारखान्यातच सिलेनचा लेप दिलेला असतो, हातात घेतल्यावर कळतही नाही.) हा जोड असल्यामुळेच चावताना रेझिनवर आलेला भार काचेकडे जातो, नाहीतर काच आत असून नसल्यासारखी.

आता ताकदीचं बोलू, कारण लोक विचारतात की हे दाताइतकं मजबूत असतं का, आणि या प्रश्नाला एक उत्तर नाही. जोरात चावलं की दाढेवर ५०० ते ७०० न्यूटन भार येऊ शकतो, म्हणजे सिमेंटची ५० किलोची अख्खी गोणी आणि वर थोडं. सरळ दाबाला कंपोझिट चांगलं तग धरतं. वाकवायला गेलं की मात्र लवकर तुटतं. आपल्या जांभ्याच्या चिऱ्याचं घ्या ना, चिऱ्यावर चिरे रचून माडीचं घर उभं राहतं पण दारावर नुसता चिरा आडवा टाकायला कुठलाच गवंडी तयार होणार नाही, तिथे लाकूड नाहीतर काँक्रीट लागतं. वाकताना वस्तूची खालची बाजू ताणली जाते आणि चिरा काय, काच काय, कंपोझिट काय, ताण यांना सोसत नाही. म्हणून आयएसओ ४०४९ या मानकात कंपोझिटची परीक्षा वाकवूनच घेतात, २५ मिलिमीटर लांब आणि २ बाय २ जाडीची काडी २४ तास ३७ अंशाच्या पाण्यात ठेवायची आणि मग दोन टेकूंवर ठेवून मधे दाबायची. चावण्याच्या पृष्ठभागावर वापरायचं असेल तर निदान ८० मेगापास्कल यायलाच हवं, म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण ८ किलो.

दुसरी गोष्ट ताठपणा. दाताचं वरचं कवच, इनॅमल, भयंकर ताठ असतं, ८० गिगापास्कलच्या आसपास. त्याच्या आतलं डेंटिन १८ च्या जवळपास आणि नेहमीचं कंपोझिट ८ ते १५. म्हणजे कंपोझिट इनॅमलपेक्षा डेंटिनच्या जवळचं, चावताना ते डेंटिनबरोबर थोडं लवतं आणि मला हा गुणच वाटतो. तापमानात मात्र त्याचं दाताशी पटत नाही. गरम पेजेवर थंड सोलकढी प्यायली की दात जेवढा आकसतो त्याच्या दोन-तीन पट कंपोझिट आकसतं, आणि हे रोज, दिवसातून कितीदा तरी, आणि सगळा ताण कुठे येतो तर त्या कडेच्या जोडावर.

जोडाची खरी कसोटी मात्र पहिल्याच मिनिटात लागते. कंपोझिट घट्ट करायला डॉक्टर त्यावर निळा लाईट धरतात, तो पडला की रेझिनचे सुटे रेणू एकमेकांना हात धरून जवळ येतात, त्यामुळे काच एवढी भरूनसुद्धा कंपोझिट आकारमानाने २ ते ३ टक्के आकसतंच. दाढेतला खड्डा म्हणजे छोटा हौद, चार भिंती आणि तळ अशा पाच बाजूंनी चिकटलेलं आणि फक्त वरून मोकळं. आकसायला जागाच नाही, मग ते भिंतींना आत ओढतं. भिंत पातळ असेल तर दाताला चीर जाते आणि जोड कच्चा असेल तर फट पडते. माझ्या तुकड्यावरची ती तपकिरी रेघ इथेच सुरू झाली असावी असं मला वाटतं, कारण ते काम फार घाईत झालेलं होतं, मधेच तोंडात थुंकी साचत होती ते मला अजून आठवतंय.

घाई केली की काय होतं हे होडीवर स्पष्ट दिसतं. काका ठिगळ लावण्याआधी जुना भाग पॉलिश पेपरने घासून खरखरीत करतात, पुसतात, पूर्ण कोरडा करतात. "घाय केलंस तर सगळो पापुद्रो सुटतलो." दाताला पॉलिश पेपर नाही तर ॲसिड लावतात. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोरने हे दाखवलं, धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरतात तेच त्याने इनॅमलवर लावलं आणि दातावर सूक्ष्म खाचा पडल्या, त्यात रेझिन शिरून घट्ट बसलं. पण त्या खाचांवर थुंकी आली की त्या बुजतात आणि ॲसिडचं सगळं काम वाया. रबराचा पडदा लावून दात वेगळा काढतात तो यासाठी, ते नाटक नाही, कृपा करून डॉक्टरला तो काढायला सांगू नका.

मग थर. एका वेळी साधारण २ मिलिमीटरचाच थर घालतात आणि प्रत्येक थराला लाईट देतात (थोडे जाड थर चालतील अशी कंपोझिट्सही आता मिळतात). कंपोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य असतं, ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि घट्ट होण्याची क्रिया सुरू करतं. प्रकाश खोल जाताना कमी कमी होतो, म्हणून जाड थर टाकला तर वरून टणक आणि तळाशी कच्चं, आणि वरून ठोकून हे कळत नाही.

आणि थराबद्दलची ही गोष्ट मला फार आवडते. होडीवर रेझिनचा थर वाळला तरी वर बोट लावलं की चिकट लागतो, हवेतला ऑक्सिजन रेणूंना जुळू देत नाही म्हणून. लहानपणी मला वाटायचं काम बिघडलंय. पण त्या चिकट सायीतल्या न जुळलेल्या रेणूंनाच पुढचा थर धरतो आणि दोन्ही एकजीव होतात. दाढेतही हुबेहूब तसंच. होडीच्या शेवटच्या हातात मेण मिसळतात, ते वर येऊन हवा अडवतं, आणि दातात शेवटच्या थरावर पट्टी किंवा ग्लिसरीन लावून हवा अडवतात, नाहीतर पॉलिश करताना ती साय घासून काढतात.

पुढे पाणी आपलं काम करत राहतं, होडीत आणि तोंडात पण. रेझिन हळूहळू पाणी पितं, थोडं मऊ होतं, काचेचा सिलेनशी असलेला जोड काही ठिकाणी सुटतो. म्हणून कडक सुपारी नाहीतर कुर्लीची नांगी दाढेखाली घ्यायची सवय मी सोडली, अडकित्ता आणि वरवंटा आहेत घरात.

होडीचा एक गुण मात्र दाढेत आत्ता आत्ता येतोय. होडीवर दगड आपटला तर चीर पडते पण लांब जात नाही, मॅटचे धागे तिला आडवे येतात. पुडीत तो अडसर फार कमी. म्हणून आता काचेचे आखूड धागे घातलेली कंपोझिट्स निघाली आहेत, ती आत भरतात आणि वरून नेहमीच्या गुळगुळीत कंपोझिटचा थर, जसं होडीत आत मॅट आणि बाहेर जेलकोटचा गुळगुळीत थर.

माझी दाढ परत भरायला या वेळी पाऊण तास लागला, रबराचा पडदा लावून, थरावर थर. सहा महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सुईसारखं टोकदार हत्यार दात आणि कंपोझिटच्या कडेवरून सगळीकडे फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.