मार्कोस मोटारगाड्या

हलक्या वजनाच्या क्रीडा व शर्यती मोटारगाड्या बनविणारी इंग्लंडमधील एक छोटी कंपनी. जेम मार्श (१९३०–२०१५) आणि वायुगतिकीतज्ज्ञ फ्रँक कॉस्टिन (१९२०–९५) यांनी ती १९५९ च्या सुमारास स्थापन केली. मार्शमधील ‘मार्’ आणि कॉस्टिनमधील ‘कॉस’ जोडून तिचे नाव तयार झाले. मार्श यांचा ल्यूटन येथे ऑस्टिन सेव्हन या जुन्या मोटारीवर आधारलेल्या, घरी बांधायच्या गाड्यांचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय होता, तर डी हॅव्हिलँड या विमान कंपनीत काम केलेल्या कॉस्टिन यांनी लोटस व व्हॅनवॉल या शर्यती गाड्यांची बाह्याकृती आखून नाव मिळविले होते.

मार्कोसचे वेगळेपण तिच्या लाकडी सांगाड्यात होते. मॉर्गन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांतही लाकूड असते, पण तेथे ते पत्रा धरून ठेवणाऱ्या चौकटीपुरते असून भार धातूचा सांगाडा पेलतो. मार्कोसमध्ये भार लाकूडच पेलत असे. नौकाबांधणीतील प्लायवुडचे पातळ तक्ते कृत्रिम सरसाने जोडून बंद पेट्या केल्या जात आणि या पेट्या एकमेकींना चिकटवून पीळ सहन करणारा एकसंध सांगाडा उभा राहत असे. लाकडाची घनता कमी असल्याने तेवढ्याच वजनात पोलादापेक्षा जाड तक्ता वापरता येतो आणि जाड तक्ता दाबाखाली सहजासहजी दुमडत नाही. शिवाय सरसामुळे भार रिव्हेटप्रमाणे ठरावीक बिंदूंवर न येता सांध्याच्या पूर्ण पृष्ठावर पसरतो. अवजड दाबयंत्रे परवडत नसलेल्या कारखान्याला ही पद्धत सोयीची होती, मात्र तीत हातकाम फार लागे. पुढील १८०० जीटी या गाडीच्या सांगाड्यात प्लायवुडचे ३८६ तुकडे असत, असे सांगितले जाते.

या कल्पनेचे मूळ डी हॅव्हिलँडच्या ‘मॉस्किटो’ या लाकडी युद्धविमानात असल्याचे अनेक लेखक नमूद करतात. कॉस्टिन यांची पार्श्वभूमी पाहता प्रेरणा तेथून मिळाली असणे संभवते. परंतु मॉस्किटोचे कवच प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड घालून बनविलेले होते, तर मार्कोसचा सांगाडा पेट्यांचा होता. त्यामुळे थेट अनुकरणापेक्षा विमानबांधणीतील अनुभवाचा उपयोग, हेच वर्णन अधिक सयुक्तिक वाटते. कंपनी सोडल्यावरही कॉस्टिन यांनी कॉस्टिन-नेथन व अमिगो या गाड्यांत लाकूडच वापरले.

वर उघडणाऱ्या दारांची पहिली गाडी दिसायला बेढबच होती. तिला ‘कुरूप बदकपिल्लू’ असे टोपणनाव पडले. शर्यतींत मात्र ती प्रभावी ठरली. पुढे फॉर्म्युला वन शर्यतींत तीनदा विश्वविजेते झालेले जॅकी स्टुअर्ट यांनीही कारकिर्दीच्या आरंभी मार्कोस चालविली. कॉस्टिन यांच्यानंतर डेनिस व पीटर ॲडम्स या बंधूंकडे आरेखन आले आणि १९६४ मध्ये व्होल्व्हो एंजिन व द दियों पद्धतीचा (चाके एका नळीने जोडलेली, पण त्यांना शक्ती पुरविणारी दंतचक्रे सांगाड्यावर बसविलेली) मागील आस असलेली १८०० जीटी सादर झाली. ही गाडी इतकी बुटकी होती की चालकाला जवळजवळ पहुडावे लागे. आसन सांगाड्यातच पक्के असल्याने चालकाच्या उंचीनुसार पेडलच पुढेमागे सरकविण्याची सोय होती. मार्श स्वतः सहा फुटांहून उंच होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९६५ च्या मिनी मार्कोसमध्ये लाकडाऐवजी फायबरग्लासचे एकसंध कवच आणि मिनी या छोट्या ब्रिटिश मोटारीची यंत्रणा होती. तिचे मूळ वैमानिक डिझी ॲडिकॉट यांच्या ‘डार्ट’ या आराखड्यात आहे. त्याच आराखड्यातून मिनी जेम ही प्रतिस्पर्धी गाडीही निघाल्यामुळे श्रेयाविषयी मतभेद आढळतात. १९६६ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एका फ्रेंच संघाची मिनी मार्कोस १५ वी आली; शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव ब्रिटिश गाडी होती.

१९६८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील १,००० किमी. शर्यतीत उतरविलेल्या मँटिस एक्सपी या शर्यती गाडीचा सांगाडाही प्लायवुडचा होता. ती गाडी पूर्ण अंतर कापू शकली नाही. १९६९ मध्ये जीटी गाड्यांसाठी पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वीकारला गेला. अमेरिकेतील निर्यातीतील अडचणी आणि मँटिस या नव्या चार आसनी गाडीचा खर्च यांमुळे १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. मार्श यांनी १९८१ मध्ये मार्कोस नावाने पुन्हा उत्पादन सुरू केले.