हिला थंडी वाजत नाही का?

माझी भाची अकरा वर्षांची आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिचा दादा टीव्हीसमोर बसून एक गेम लावत होते. बर्फाळ डोंगर, वारा सुटलेला, पडद्यावर हिम भुरभुरतंय. पात्र निवडायच्या पानावर तीन पुरुष उभे होते. एकाच्या अंगावर अस्वलाची कातडी, दुसरा नखशिखांत लोखंडात, तिसऱ्यानं कानटोपी चढवलेली. चौथी बाई. तिचं कवच छातीपुरतंच, पोट उघडं, मांड्या उघड्या. दादा निवडीचा बाण तिच्यावरून पुढे सरकवत होता, तेवढ्यात भाचीनं विचारलं, "मावशी, हिला थंडी वाजत नाही का?"

"गेम आहे गं तो," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो शरीरशास्त्राचा होता आणि अगदी रास्त होता. वाऱ्यात उघड्या कातडीवाटे अंगातली ऊब भराभर निघून जाते. पोट उघडं टाकून कुणी तासन्‌तास बर्फात तलवार चालवू शकत नाही. ज्यानं ही चार पात्रं घडवली त्याला हे ठाऊक होतं, नाहीतर अस्वलाची कातडी आली कुठून?

अशा प्रश्नाला एका मोठ्या गेममध्ये खरंच उत्तर दिलं गेलंय. जपानी दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचा 'मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन' २०१५ मध्ये आला. त्यात क्वाएट नावाची एक अचूक नेमबाज आहे. युद्धभूमीवर ती बिकिनी, फाटके तलम पायमोजे आणि बूट घालून वावरते. २०१३ मध्ये तिची चित्रं बाहेर आली तेव्हा टीका झाली. तिच्या उघडेपणामागचं कारण कळलं की बोलणाऱ्यांना स्वतःच्या शब्दांची लाज वाटेल, असं कोजिमांनी तेव्हा लिहिलं. गेममध्ये ते कारण येतं: भाजल्यानंतर तिच्या शरीरात परजीवी सोडले, आता ती त्वचेनं श्वास घेते, त्वचेनंच पाणी पिते. कपडे घातले तर गुदमरेल. हे परजीवी प्रकाशसंश्लेषणही करतात.

हे गणित करून बघण्यासारखं आहे. बेडूक त्वचेतून बराच श्वास घेतो, काही सॅलमँडरना (बेडकाच्या नात्यातले शेपटीवाले प्राणी) तर फुप्फुसंच नसतात. पण त्यांची कातडी पातळ आणि कायम ओलसर असते, आणि त्यांच्या थंड शरीराची भूकही बेताची. माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. त्यासाठी फुप्फुसांच्या आत पन्नास चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग घड्या घालून बसवलेला आहे. अंगावरची सगळी कातडी पसरली तरी दोन चौरस मीटर भरत नाही, आणि तिचा वरचा थर कोरडा, मृत पेशींचा. हवेतून थेट मिळणारा ऑक्सिजन कातडीच्या मिलिमीटरच्या काही दशांश जाडीलाच पुरतो. तो पुढे स्नायूंपर्यंत पोचतच नाही.

आता ऊन. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. शेतातलं चांगलं पीकसुद्धा त्यातली एकदोन टक्केच अन्नात साठवतं. उन्हाकडे वळलेली कातडी सुमारे एक चौरस मीटर धरली तर हाती येतात दहा ते वीस वॅट. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारं शरीर सरासरी शंभरेक वॅटवर चालतं, पळताना त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कातडीचा कण न्‌ कण हिरवा झाला तरी क्वाएट उपाशीच राहील.

कथेत अशक्य गोष्टी असायला माझी काही हरकत नाही. बोलणारी माकडं आणि उडणारे घोडे ऐकतच आपण मोठे झालो. पण याच मालिकेत २००४ साली 'द एंड' नावाचा एक अतिवृद्ध नेमबाज येऊन गेला होता. तोही उन्हावर जगणारा, आणि तो अंगभर कपडे घालून जंगलात दबा धरतो. 'फँटम पेन'मध्येच नवाहो या अमेरिकन आदिवासी जमातीचा एक म्हातारा शास्त्रज्ञ आहे, त्याच्याही अंगात असेच परजीवी आहेत आणि त्यालाही कुणी उघडं केलेलं नाही. क्वाएटबद्दल तर कोजिमांनी स्वतःच सांगितलं होतं, की लोकांना तिचं कॉस्प्ले, म्हणजे तिच्यासारखी वेशभूषा, करावंसं वाटावं, तिच्या मूर्ती खपाव्यात, हा हेतू होता. आधी कळस, मग पाया. पेहराव ठरला आणि त्याला साजेसं जीवशास्त्र मागाहून आलं.

गेममधल्या बायकांच्या पेहरावाच्या वादात "पात्र तसं आहे, त्याला कोण काय करणार" असा सूर वारंवार लागतो, म्हणून ही गोष्ट मी एवढी लांबवली. सिनेमात निदान एक खरी नटी असते, तिचं एक शरीर असतं. गेममधली बाई शून्यातून बनते. तिची उंची, कंबर, चाल, श्वासाची लय, कॅमेरा तिच्या पाठीमागे किती उंचीवर राहायचा, हे सगळं कुणीतरी आकडे टाकून ठरवलेलं असतं.

'टूम रेडर' या साहसी गेमची नायिका लारा क्रॉफ्ट घ्या. हा गेम १९९६ साली इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या कंपनीनं काढला. लाराचा निर्माता टोबी गार्ड. तेव्हाच्या यंत्रांना फार थोडे त्रिकोण झेपत, आणि पडद्यावरचं शरीर त्रिकोण जोडूनच बनतं. थोड्या त्रिकोणांत ओळखू येणारी आकृती हवी तर कशावर तरी भर द्यावाच लागतो, हे मान्य. पण लाराच्या पोस्टरवरची लांब वेणी त्या पहिल्या भागात खेळताना दिसतच नाही, केस मागे आवळून बांधलेले. हलती वेणी आली १९९७ च्या दुसऱ्या भागात. छातीचा टोकदार फुगवटा मात्र पहिल्या दिवसापासून होता. मर्यादा यंत्राची होती, तिच्यात आधी काय बसवायचं हे माणसांनी ठरवलं. तिच्या जाहिराती ज्या वळणानं चालल्या होत्या त्या गार्डला रुचल्या नाहीत आणि १९९७ मध्येच त्यानं कंपनी सोडली.

पुढे यंत्रं वाढली तशी हालचाल आली. छाती हलवायची तर पात्राच्या संगणकी सांगाड्यात एकदोन जादा हाडं घालतात आणि ती स्प्रिंगनं छातीच्या पिंजऱ्याला जोडतात. दोन आकडे महत्त्वाचे: स्प्रिंग किती ताठ आणि हेलकावा किती लवकर विरतो. वेणी, झगा, कानातले डूल याच गणितावर हलतात. पोर्ट्समथ विद्यापीठात जोॲना स्कर यांच्या गटानं धावणाऱ्या स्त्रियांवर खुणा चिकटवून खरी हालचाल मोजली आहे. ती वरखाली, आजूबाजूला आणि पुढेमागे अशी तिन्ही दिशांनी होते, साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, आणि आधार नसेल तर दुखते. त्या मोजमापांमुळे खेळाडू स्त्रियांना योग्य अंतर्वस्त्रं कशी असावीत हे कळू लागलं. गेममध्ये पुष्कळदा तेच दोन आकडे सैल सोडतात आणि पात्र थांबलं तरी शरीर डुलत राहतं. दुखण्याचा तिथे मागमूस नाही. पळणारी बाई तिथे बघणाऱ्यासाठी पळते.

चित्र बदलतंय का? थोडं बदललंय. टेरेसा लिंच आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक मोठी मोजणी प्रसिद्ध केली: १९८३ ते २०१४ मधले, स्त्री पात्र खेळायला मिळतं असे ५७१ गेम. लैंगिक नजरेसाठी केलेली मांडणी १९९० च्या दशकात शिगेला पोचली आणि पुढे उतरत गेली. मारामारीच्या गेममध्ये ती जास्त, भूमिका वठवायच्या गेममध्ये कमी. आणि दुय्यम बायका मुख्य बायकांपेक्षा जास्त उघड्या. लारासुद्धा २०१३ च्या नव्या अवतारात लांब पँट आणि माणसासारखी कंबर घेऊन आली.

मला मात्र २००९ चा एक अभ्यास जास्त अस्वस्थ करतो. निकोल मार्टिन्स आणि सहकाऱ्यांनी सर्वाधिक खपाच्या १५० गेममधल्या बायकांची मापं घेऊन ती सरासरी अमेरिकन स्त्रीशी ताडून पाहिली. चित्रण जितकं हुबेहूब, तितकी बाई सरासरीपेक्षा बारीक. आणि मुलांसाठी योग्य ठरवलेल्या गेममधल्या बायका मोठ्यांच्या गेममधल्यांपेक्षाही बारीक निघाल्या.

याचा खेळणाऱ्यावर परिणाम होतो का? इथे दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवलं, की आभासी जगात उंच शरीर मिळालेली माणसं वाटाघाटीत जास्त ठाम होतात. घातलेलं शरीर वागणं थोडं बदलतं. तोच धागा धरून जेसी फॉक्स, बेलेन्सन आणि लिझ ट्रिकेस यांनी २०१३ मध्ये ८६ स्त्रियांना आभासी शरीरं दिली, काहींना साध्या कपड्यांतली, काहींना तोकड्या. तोकड्या कपड्यांतलं शरीर मिळालेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या दिसण्याचे विचार जास्त आले. त्या शरीरावर त्यांचा स्वतःचा चेहरा होता तेव्हा बलात्काराचा दोष पीडितेवर ढकलणाऱ्या समजुतींना त्यांची मान्यता वाढलेली दिसली.

दुसरीकडे जर्मनीत ८२४ खेळाडूंना तीन वर्षांत पुन्हापुन्हा प्रश्न विचारले गेले. २०१५ च्या त्या अहवालात गेम खेळणं आणि बायकांबद्दलचे पुरुषी पूर्वग्रह यांत नातं सापडलं नाही. पण त्यात वेळ आणि गेमचा प्रकार मोजला होता, कोणतं पात्र कसं दिसत होतं ते नव्हे. इटलीत १५४ शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग २०१६ मध्ये गाजला: 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा गुन्हेगारीचा गेम खेळून त्यातल्या नायकाशी एकरूप होणाऱ्या मुलांची अत्याचार झालेल्या स्त्रीबद्दलची सहानुभूती घटते, असा निष्कर्ष. प्रयोग करणाऱ्यांनी आपले आकडे सर्वांसाठी खुले ठेवले होते. ख्रिस्तोफर फर्ग्युसन आणि ब्रेंट डोनेलन यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि हा परिणाम टिकत नाही असं दाखवलं. मूळ गटानं त्यालाही उत्तर दिलं. विज्ञान असंच चालायला हवं, आणि आकडे खुले ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पुढे २०२२ मध्ये फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तोलले. पूर्वग्रहांवर किंवा मनःस्वास्थ्यावर वाईट परिणामाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

म्हणून "असले गेम खेळून पोरं बिघडतात" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या हाती आज पुरावा नाही. मला स्वतःला तो निघेल असं वाटत होतं, पण अभ्यास तसं म्हणत नाहीत आणि ते मी मान्य करते. मात्र "नुकसान सिद्ध नाही, तेव्हा विषय संपला" हेही मला पटत नाही. जिन्याच्या पायऱ्या अपंग माणसाला इजा करत नाहीत, तरी तो वर जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या स्वतःच्या पाहण्यांत कित्येक वर्षं खेळणाऱ्यांमध्ये जवळपास निम्म्या बायका दिसतात. त्यांतल्या एखादीला निवडीच्या पानावर आपल्यासारखी एकच बाई दिसते आणि ती कुणा दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी उभी असते. याचं मोल मानसशास्त्राच्या वीस मिनिटांच्या प्रयोगात मोजता येत नाही.

सौंदर्य किंवा कामुकता गेममधून हद्दपार करा, असं म्हणणारे फार थोडे आहेत. 'बेयोनेटा'ची नायिका पुरेपूर मादक आहे. तिचं रूप मारी शिमाझाकी या चित्रकर्तीनं रेखाटलं आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या बायकाही आहेत. बायका पुन्हा एकमताच्या नाहीत, आणि का असाव्यात? पण हे बोलायचीसुद्धा किंमत पडली आहे. गेममधल्या स्त्री पात्रांवर चित्रफिती करणाऱ्या अनिता सर्कीझियन यांना २०१२ पासून धमक्या येत राहिल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट विद्यापीठातलं त्यांचं व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झालं. पडद्यावरच्या कपड्यांबद्दल बोलणाऱ्या बाईला जिवाची भीती घातली गेली, हे मला कधीही किरकोळ वाटणार नाही.

भाचीला मी नंतर 'राजी' लावून दिला. २०२० मध्ये आलेला हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला आहे. राजी सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघालेली, हातात दुर्गेचं त्रिशूळ. कॅमेरा लांब आणि उंचावर असतो, त्यामुळे राजी मुख्यतः तिच्या उड्यांमधून दिसते: खांबावर गिरकी, भिंतीवर धाव, त्रिशुळाचा फेर. दोन तास भाची फक्त एवढंच विचारत होती, की त्या पलीकडच्या खांबावर पोचायचं कसं.

तिनं काय निवडलं, किती वेळ खेळली, कुठे सोडून दिलं, याच्या नोंदी गेम कंपन्या ठेवू शकतात, आणि मोठ्या कंपन्या ठेवतातच. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोन गेमच्या ३२७४ खेळाडूंचा खराखुरा खेळण्याचा वेळ कंपन्यांकडून मिळवला आणि मनःस्वास्थ्याशी जोडून पाहिला. खेळाडूंच्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही. पात्रांच्या बाबतीत हेच करता येईल: कोणत्या पेहरावातली बाई कोण घेतं, कोण टाळतं, आणि निवडीच्या पानावरूनच किती मुली परत फिरतात. हे आकडे कंपन्यांच्या सर्व्हरवर आहेत. कंपन्यांनी ते संशोधकांसाठी उघडावेत.