ऑनलाइन दुकानातील मोबाईल भरणा (बेळगाव सीमाभाग)

वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मागणीचे पैसे गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरून थेट दुकानदाराच्या बँक खात्यात घेण्याची पद्धत. भारतात हा भरणा मुख्यतः यूपीआयवरून होतो. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसामध्ये मोबाईल कंपनीकडेच खाते असते आणि सिमकार्ड पाकिटाचे काम करते. यूपीआयचे तसे नाही. इथे पैसे बँकेतून बँकेत जातात, फोन ही नुसती किल्ली. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आणली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांच्या संख्येने १,००० कोटींचा आकडा ओलांडला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून बाहेरगावी पाठवण्याजोगा माल पुष्कळ आहे: बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) आणि मांडे, गोकाकचे करदंट, शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्या. यांतला कुंदा हा आगाऊ भरण्याचा सर्वांत मोठा वकील म्हणावा लागेल. पार्सल घरी आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक ऐनवेळी ‘नको’ म्हणाले तर साडी परत येऊन पुन्हा विकता येते. कुंदा परत येईपर्यंत टाकून देण्याच्या लायकीचा झालेला असतो. मांड्यांचे तर बोलायलाच नको, त्यांचा चुरा जातानाच होण्याची भीती.

छोटा दुकानदार सहसा क्यूआर कोडचा फोटो पाठवतो आणि गिऱ्हाईक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट धाडते. इथेच घोटाळा होतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो जुना असू शकतो, बनावटही. खात्यात रक्कम जमा झालेली पाहून आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक जुळवूनच माल बांधावा. दुसरी थाप लष्कराच्या नावाने मारली जाते: ‘आमच्या युनिटसाठी मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात असा फोन खरा वाटावा यात नवल नाही. पण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

स्वतःची वेबसाइट असेल तर मध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानासाठी पैसे स्वीकारणारी मध्यस्थ सेवा, येतो. फोनवर खरेदी चालू असेल तर ‘पैसे भरा’ दाबताच गिऱ्हाईकाचे यूपीआय अ‍ॅप उघडते. संगणकावर असेल तर त्याच ऑर्डरपुरता, रक्कम आधीच भरलेला क्यूआर कोड दिसतो. भरणा झाला की गेटवे दुकानाच्या सर्व्हरला परस्पर कळवतो. ऑर्डर पक्की करायची ती या निरोपावर, आणि तोही निरोपाची डिजिटल सही, म्हणजे तो गेटवेकडूनच आल्याची खूण, तपासून. गिऱ्हाईकाच्या पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटले एवढ्यावर विसंबू नये. उलट, जांबोटी-कणकुंबीच्या घाटात रेंज गेली आणि ते पान उघडलेच नाही, तरी पैसे पोचलेले असू शकतात. एकच निरोप दोनदाही येतो. ऑर्डर क्रमांक तपासला नाही तर एकाच पैशात दोन डबे रवाना.

पैसे कापले गेले पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी; उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. चिडलेल्या गिऱ्हाईकाला हे शांतपणे सांगावे. घाबरून स्वतःच्या खिशातून परतफेड केली तर तेच पैसे दोनदा परत जाण्याची शक्यता असते.

१ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय भरण्यावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे प्रत्येक भरण्यामागे कापले जाणारे शुल्क, घेतला जात नाही. मात्र गेटवे कंपनी आपल्या सेवेचे शुल्क वेगळे लावू शकते, त्यामुळे ‘फुकट’ या शब्दापुढचे बारीक अक्षर वाचून घ्यावे.

सीमाभागातली खरी गंमत पुढे आहे. यूपीआयला राज्याची सीमा ठाऊक नाही, जीएसटीला ती गावागणिक ठाऊक आहे. बेळगावातून शेजारच्या शिनोळीला डबा पाठवला तर तो चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात जातो आणि बिलावर आंतरराज्य आयजीएसटी लागतो. तोच डबा चारशेहून अधिक किलोमीटर दूर बिदरला गेला, तर राज्यातल्या राज्यात म्हणून केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. निपाणीच्या दुकानदाराचे निम्मे गिऱ्हाईक कोगनोळी नाक्यापलीकडे कागल-कोल्हापुरात असले, तर त्याला हा भेद रोज पाळावा लागतो. कर ठरतो तो माल पोचवण्याच्या पत्त्यावरून. पुण्याच्या मुलीने पैसे भरून आईसाठी खानापूरला साडी मागवली, तर विक्री कर्नाटकातलीच. म्हणून ऑर्डरच्या अर्जात राज्याचा रकाना सक्तीचा असावा. नुसत्या पिनकोडवर भागवू नये.

याहून अडचणीची बाब नोंदणीची. राज्यांतर्गत मालविक्रीला वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते; फक्त हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात काही सवलत. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठराविक टक्के कर भरणाऱ्या छोट्या) व्यापाऱ्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही. कोल्हापूर हीच हक्काची बाजारपेठ असणाऱ्या गावांना हा नियम बंगळूरपेक्षा कितीतरी जास्त बोचतो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरच्या जमेच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या. बंगळुरात अनेक दुकानांतले क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. ऑनलाइन दुकानदाराला मात्र पाटी लावून सुटता येत नाही. त्याने घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे भावाने पाठवलेले उसने पैसे विक्रीत धरले जाणार नाहीत. हिशेबी जमेचा फायदाही आहे: आयकराच्या अंदाजी नफ्याच्या योजनेत (१९६१ च्या कायद्यातले कलम ४४एडी) छोट्या व्यापाऱ्याच्या रोख विक्रीवर ८ टक्के नफा गृहीत धरतात, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के.

या भागात पतसंस्थांचे जाळे दाट आहे आणि अनेकांची बचत तिथेच असते. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिथल्या खात्याला यूपीआय थेट जोडता येत नाही. दुकान उघडण्याआधी एखाद्या बँकेत खाते काढावे लागते. नागरी सहकारी बँक निवडायची असेल, तर ती यूपीआयवर आहे का आणि गेटवे कंपनी तिचे खाते स्वीकारते का, हे दोन प्रश्न काउंटरवरच विचारून घ्यावेत.