‘आयर्विनला किती झालं?’ : सांगली आणि कृष्णेचं जुनं नातं

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘आयर्विनला किती झालं?’ १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात आणि अख्खं गाव त्या आकड्यावर सामान हलवायचं की थांबायचं ते ठरवतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या वर.

सांगली नदीकाठी वाढली ती ठरवून. १८०१ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धनांत वाटणी झाली आणि चिंतामणराव अप्पासाहेबांनी सांगलीत बिऱ्हाड हलवलं. गणेशदुर्ग बांधला, नदीजवळ गणपतीचं देऊळ उभारलं, पेठा वसवल्या. त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. संस्थानाच्या गणपतीचं विसर्जन आजही पाचव्या दिवशी कृष्णेतच होतं.

पेठेला पैसा दिला हळदीने, आणि हळद टिकवली हरिपूरच्या मातीने. तिथली चिवट माती पाणी आत येऊ देत नाही, म्हणून तिच्यात पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, खणली गेली. माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली पोट रुंद, खोली वीस-पंचवीस फूट. तळाला आणि कडेला पाला-चटया लावून हळकुंडं भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. आत हवा नाही, म्हणून कीड जगत नाही. रंग आणि वास वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. या साध्या नियमावर हमालांचा जीव अवलंबून असे.

पेवाला भीती एकच, वरून शिरणाऱ्या पाण्याची. २००५ च्या पुरात ती खरी ठरली. पेवांत पाणी गेलं, हळद भिजून कुजली आणि साठवण वखारींकडे व शीतगृहांकडे वळली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेवांचा जमाना जवळपास सरला होता.

पाणी इतकं का चढतं? शहराच्या खाली लगेच हरिपुरात वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या की वारणा कृष्णेला पुढे सरकू देत नाही, पाणी मागे तुंबतं. इथले लोक त्याला ‘फुग’ म्हणतात. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तिथे पुन्हा तेच. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबतं का, हा वाद मोठा आहे, पण संगमावरची ही फुग हरिपुरात उभं राहिलं तर डोळ्यांनी दिसते.

नुकसान वाढलं त्याचं दुसरं कारण शहराच्या वाढीत आहे. १९१९ चं विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ चं आजचं वालचंद महाविद्यालय विश्रामबागेत, नदीपासून लांब आणि उंचावर आहेत. तिकडेच पुढे मिरजेपर्यंत वस्ती जोडली गेली आणि १९९८ साली सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका झाली. पण गावठाणाला लागून असलेल्या सखल मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानांतही प्लॉट पडले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड : इथे इशारा पातळीच्या आधीच पाणी येतं. तेही घाटावरून नाही, नाल्यातून उलटं. एरवी पावसाचं पाणी नदीला नेणारा नाला नदी चढली की तिचंच पाणी वस्तीत आणतो. आणि तो भराव टाकून अरुंद केला असेल तर पूर ओसरतानाही पाणी घरात अडकून राहतं. याबद्दल नुसत्या पावसाला दोष देऊन चालणार नाही.

म्हणून इथे जागा घेताना सातबारा पाहून थांबू नये. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल १०० वर्षांतल्या पुराची. त्या पाहाव्यात, आणि शेजारच्या जुन्या घरात २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते विचारावं. बहुतेक जण हात लावून दाखवतात.