मोहरीएवढा खड्डा

बादलीची कडी एकदम तुटली असं आपण म्हणतो, पण तुटलेल्या जागी जरा नीट बघा, अर्धा भाग काळपट असतो आणि अर्धा चकचकीत. काळपट भाग आधीच कधीतरी चिरलेला होता आणि बादली उचलली की दर वेळी थोडा थोडा उघडत होता, त्या दिवशी फक्त उरलेला भाग तुटला. पाणी रोजच्याएवढंच होतं. मेटल फटीग म्हणजे हेच.

19 जुलै 1989 ला युनायटेड एअरलाइन्सचं 232 नंबरचं डीसी-10 विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं, विमानात 296 माणसं. 37,000 फुटांवर शेपटीतल्या इंजिनात धमाका झाला. पुढच्या पंख्याची पाती ज्या टायटॅनियमच्या चकतीत बसवलेली असतात ती डिस्क फुटली होती, जवळजवळ 170 किलोची. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिमच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने विमानाचे वळवणारे भाग हलवणाऱ्या यंत्रणांच्या, लाइनी तोडल्या, त्यामुळे पायलटने काहीही फिरवलं, ओढलं तरी विमान दाद देईना. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे साथीदार आणि प्रवासी म्हणून बसलेले ट्रेनिंग पायलट डेनी फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत सुमारे 44 मिनिटं विमान हवेत धरून ठेवलं आणि आयोवामधल्या सू सिटीला उतरवलं, पण उतरताना ते आदळलं. 112 जण गेले, 184 वाचले, आणि हा आकडा मला आजही थोर वाटतो.

डिस्क मात्र सापडेना. तीन महिन्यांनी मक्याची काढणी सुरू झाली तेव्हा तिचे मोठे तुकडे शेतात मिळाले आणि मग खरी गोष्ट कळली. 1971 मध्ये टायटॅनियम वितळवताना त्यात एका जागी नायट्रोजन जास्त मिसळला आणि तेवढा ठिपका कडक, ठिसूळ झाला. पुढे डिस्क घडवताना तो ठिपका बहुतेक निघून गेला आणि मधल्या भोकाच्या आतल्या बाजूला साधारण दीड मिलिमीटरचा खड्डा राहिला, मोहरीच्या दाण्याएवढा. चीर तिथूनच सुरू झाली. टेकऑफला पंखा पूर्ण जोरात फिरतो तेव्हा पाती डिस्कला बाहेर ओढतात, लँडिंगनंतर ताण उतरतो, ही एक सायकल, आणि अशा डिस्कचं आयुष्य तासांत नाही तर सायकलमध्ये मोजतात. हिला 18,000 ची परवानगी होती, फुटली 15,503 व्या सायकलला. मायक्रोस्कोपखाली चिरेवर बारीक रेघा दिसल्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या, आणि त्या मोजल्या तर डिस्कच्या एकूण सायकलशी जवळपास जुळल्या, म्हणजे डिस्क पहिल्यांदा वापरात आली तेव्हापासूनच चीर वाढत होती!

आणि जिथे माझा जीव अडकतो ती गोष्ट पुढेच आहे. अपघाताच्या 760 सायकल आधी ही डिस्क तपासली होती. तपासणी अशी, की पार्टवर चमकणारा द्रव लावायचा, पुसायचा, मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं, चिरेत मुरलेला द्रव हिरवा चमकतो. तेव्हा चीर पृष्ठभागावर साधारण 12 मिलिमीटर लांब होती, बोटाच्या नखाएवढी. नंतर चिरेच्या आत त्याच तपासणीच्या रसायनांचे अंश मिळाले, म्हणजे द्रव आत पोचला होता, फक्त कुणाला दिसला नाही. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एकामागून एक धडधाकट पार्ट बघणाऱ्या माणसाची नजर एकदा चुकणारच, आणि तपास अहवालातही हेच म्हटलं, की तपासणीची पद्धत ठरवताना माणसाच्या या मर्यादेचा पुरेसा विचार झाला नव्हता.

पुढे 17 एप्रिल 2018 ला साउथवेस्ट एअरलाइन्सच्या 1380 फ्लाइटमध्ये पंख्याचं एक पातं बुडाशी चीर पडून तुटलं, खिडकी फुटली, एक प्रवासी महिला गेली. ते पातंही 2012 मध्ये याच हिरव्या द्रवाने तपासलं होतं आणि चीर तेव्हाही असावी असं तपासात निघालं. आता त्या पात्यांची बुडं अल्ट्रासाउंड आणि एडी करंटने (धातूत खेळवलेल्या विजेच्या प्रवाहाने) तपासतात, त्यात सिग्नल मशीनवर उमटतो, नुसत्या नजरेवर सगळं सोडलेलं नाही.