‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ आणि ‘ऑन एरर गोटू’ : दोघांचं काम एक नाही हो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटांच्या एक्सेलमधल्या पगारशीटा बघायला येतात, मॅक्रो (एक्सेलकडून काम करून घ्यायला व्हीबीए भाषेत लिहिलेला कोड) उघडला की पहिलीच ओळ ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘सर, एरर हँडलिंग लावलंय की.’ नाही लावलेलं. एरर दिसायचा बंद केलाय, एवढंच. या दोन ओळींची सरमिसळ इतक्यांदा बघितलीय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

गोटूवालं तुम्हाला माहीत असतंय. एरर आला की कोड खाली लिहिलेल्या लेबलवर, म्हणजे नाव दिलेल्या जागेवर उडी मारतो, तिथं एर डॉट नंबर (आलेल्या एररचा नंबर) बघायचा आणि काय करायचं ते ठरवायचं. लेबलखालच्या या कोडला हँडलर म्हणतात. लेबलच्या वर एक्झिट सब (इथंच मॅक्रोतून बाहेर पडा) लिहा, नाहीतर एरर नसतानाही कोड खाली घरंगळत तिथं पोचतो. झालं.

आता रिझ्यूम नेक्स्ट. याचा अर्थ लोक घेतात ‘एरर आला तर एक्सेल सांभाळून घेईल’. एक्सेल काहीही सांभाळत नाही. जी ओळ फसली ती सोडून देतं आणि पुढच्या ओळीवर जातं. त्या ओळीनं जे करायचं होतं ते झालेलंच नसतं, आणि पुढच्या ओळीला ते माहीतच नसतं. सगळा घोळ इथं आहे.

समजा पीसवर पगार आहे. लूप एकेका कामगाराच्या ओळीवर फिरतोय, मालाचा क्वालिटी कोड घेऊन वर्कशीटफंक्शनच्या व्हीलुकअपनं (तक्त्यात शोधणारं फंक्शन) रेट शोधतोय, पुढच्या ओळीत रेट गुणिले पीस. पाचव्या ओळीत जॅकार्ड चादर, रेट सापडला 38 रुपये. सहाव्या ओळीत टॉवेल, खरा रेट 6 रुपये, पण कोड टाइप करताना शेवटी एक स्पेस पडली. व्हीलुकअपला कोड सापडत नाही, 1004 नंबरचा एरर येतो, रिझ्यूम नेक्स्ट तो गिळतो. रेट नावाच्या व्हेरिएबलमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात) नवीन काही गेलंच नाही, म्हणून तिथं अजून मागचे 38च बसलेत. 120 पीसचे 720 व्हायचे तिथं 4560 लागले. शीटवर लाल काही नाही, हॅश-एन-ए (‘सापडलं नाही’ सांगणारी खूण) नाही, आकडा अगदी आकड्यासारखा दिसतो, आणि उलट झालं, म्हणजे टॉवेलचा रेट चादरवाल्याला लागला, तर त्या माणसाच्या आठवड्याच्या घामाचे पैसे जातात आणि त्याला कुणी सांगू शकत नाही का गेले. म्हणून मी या ओळीवर इतका चिडतो.

काहीजण म्हणतात, आम्ही डिम (व्हेरिएबल जाहीर करायची ओळ) लूपच्या आत लिहिलंय, दर फेरीला व्हेरिएबल कोरं होतं. होत नाही. व्हीबीएत डिम कुठंही लिहा, प्रोसीजर सुरू होताना जागा एकदाच मिळते, फेरीगणिक शून्य होत नाही. शून्य पाहिजे तर रेट बरोबर शून्य असं स्वतः लिहायला लागतंय.

याहून वाईट प्रकार इफचा. सेलमध्ये हॅश-एन-ए आहे आणि तुम्ही विचारताय, हा आकडा 100 पेक्षा मोठा आहे का, तर 13 नंबरचा टाइप मिसमॅच येणार. रिझ्यूम नेक्स्ट चालू असेल तर ‘पुढची ओळ’ कुठली? इफच्या आतली पहिली. म्हणजे अट तपासताच आली नाही आणि तरी कोड आत शिरला, बोनस लागला. एल्सकडे जाईल असं वाटतं बहुतेकांना, तसं होत नाही.

आपल्याकडं समजेल असं सांगतो. ज्या मागाला सूत तुटलं की आपोआप थांबायची सोय असते, तिथं कारागीर येतो, सूत जोडतो, माग परत चालू करतो, ते गोटू. रिझ्यूम नेक्स्ट म्हणजे ती थांबायची सोयच काढून टाकणं, माग जोरात चालतोय पण पुढचं सगळं कापड फॉल्टी.

मग रिझ्यूम नेक्स्ट कधीच नको का? पाहिजे, पण एका ओळीपुरतं. अमुक नावाची शीट आहे का बघायचंय : आधी ऑब्जेक्ट व्हेरिएबल नथिंग करा, रिझ्यूम नेक्स्ट लावा, त्यात ती शीट सेट करून बघा, लगेच ऑन एरर गोटू झिरो लिहून बंद करा, आणि मग ते नथिंग आहे का तपासा. शीट नसेल तर 9 नंबरचा एरर येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणून गप्प करणं चालतंय. माहीत नसलेला एरर गप्प करायचा नाही. आणि एर डॉट नंबर बघायचा असेल तर गोटू झिरोच्या आधी बघा, कुठलीही ऑन एरर ओळ तो नंबर पुसून टाकते.

वरच्या रेटसाठी तर दोन्हीची गरज नाही. वर्कशीटफंक्शन काढा, नुसतं ॲप्लिकेशन डॉट व्हीलुकअप वापरा, उत्तर व्हेरिएंटमध्ये (काहीही मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि इजएरर लावून तपासा. क्वालिटी कोड नाही सापडला तर मॅक्रो थांबत नाही, एरर व्हॅल्यू हातात येते, तो सेल पिवळा करा आणि पुढं जा. मला हीच पद्धत आवडते, दुसरी कुणी दाखवली तरी मी हीच वापरणार.

गोटू वापरणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची : पहिला एरर पकडला, दुसऱ्याला मात्र एररचा डबा स्क्रीनवर आलाच. कारण लेबलवरून लूपमध्ये परत जाताना त्यांनी साधं गोटू लिहिलेलं असतं. व्हीबीएच्या हिशेबानं तुम्ही अजून हँडलरच्या आतच आहात, आणि आत असताना आलेला एरर तो हँडलर पकडत नाही. एर डॉट क्लिअरनं पण भागत नाही, त्यानं फक्त नंबर पुसतो. बाहेर पडायचं ते रिझ्यूम लिहून, पुढं लेबलचं नाव देऊन.

इव्हेंट्स (सेल बदलला की आपोआप कोड चालवणारी सोय) बंद केले असतील तर ते परत चालू करायची ओळ अशा ठिकाणी ठेवा जिथं एरर आला तरी कोड जाईलच. स्क्रीन अपडेटिंग मॅक्रो संपला की आपोआप परत येतं, इव्हेंट्स येत नाहीत, मॅन्युअल केलेलं कॅल्क्युलेशन पण तसंच राहतं.

आणि फाइल तपासायला घेताना एडिटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, जनरलमध्ये जाऊन ब्रेक ऑन ऑल एरर्स लावा. मग रिझ्यूम नेक्स्ट असलं तरी कोड फसलेल्या ओळीवर थांबतो आणि मॅक्रो आत्तापर्यंत काय करायलाय ते दिसतं. तपासून झालं की ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्सवर परत ठेवा, नाहीतर चांगले लिहिलेले हँडलरसुद्धा चालणार नाहीत.