घरी सॅटेलाइट इंटरनेट घेताय किंवा घेतलंय, तर हे वाचून ठेवा

नमस्कार मंडळी. हे पत्रक आमच्या कोकणातल्या गिऱ्हाइकांसाठी काढलंय, ज्यांच्या खळ्यात डिश लागलीय त्यांच्यासाठी आणि जे अजून विचार करतायत त्यांच्यासाठी पण. डिश लावून झाल्यावर जे प्रश्न परत परत फोनवर येतात ते सगळे इथे एकदाच लिहितोय, जरा मोठं झालंय पण चुलीजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा, पावसाळ्यात लागेल.

पहिली गोष्ट, ही डिश तुम्हाला खरंच हवी आहे का ते बघा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय का, तुमच्या वाडीत बीएसएनएलचं फायबर ओढून देणारा कोणी केबलवाला आहे का, हे आधी विचारा. असेल आणि तो दोन-चार पोल जास्त टाकून द्यायला तयार असेल तर तेच घ्या, स्वस्त पडेल आणि फास्ट पण असेल. घराबाहेर उंच जागी मोबाईलची दोन काडी रेंज येत असेल तर सिम टाकायचा फोर-जी राउटर आणि बाहेरचा अँटेना लावून बघा, बऱ्याच घरांचं काम त्यातच भागतं. जिथे यातलं काहीच पोचत नाही, डोंगराच्या कुशीतली घरं, खाडीपलीकडच्या वाड्या, तिथे सॅटेलाइटला दुसरा पर्याय नाही आणि तिथेच आम्ही तो मनापासून सुचवतो.

आता हे चालतं कसं. आम्ही बसवतो ती लाइन इस्रोच्या जीसॅट-11 वरून येते. हा 5854 किलोचा सॅटेलाइट 5 डिसेंबर 2018 ला फ्रेंच गयानामधून सोडला, आणि तो विषुववृत्ताच्या वर जवळजवळ 36,000 किलोमीटरवर, 74 अंश पूर्व रेखांशावर कायम एकाच जागी दिसतो. तुम्ही फोनवर काही उघडलं की तुमची मागणी इथून वर जाते, वरून खाली कंपनीच्या मोठ्या स्टेशनला येते, आणि उत्तर परत त्याच वाटेने, म्हणजे हे अंतर चार वेळा, सगळं मिळून 1,44,000 किलोमीटरच्या आसपास. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद जातोच. हा अर्धा सेकंद कुठलाही मेकॅनिक, कुठलाही महागडा राउटर कमी करू शकत नाही, म्हणून कोणी "स्पीड बूस्टर" विकायला आला तर पैसे देऊ नका.

या उशिराचा परिणाम सगळ्या कामांवर सारखा होत नाही. व्हिडिओ बघणं, व्हॉट्सॲप, सातबारा काढणं, मुलांचे रेकॉर्ड केलेले क्लास, ईमेल, यात काही जाणवत नाही. व्हिडिओ कॉल चालतो पण समोरच्याचं बोलणं संपलं की क्षणभर थांबून मग बोला नाहीतर दोघं एकदम बोलणार, आणि हेडफोन लावा म्हणजे आवाज घुमत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना चक्र फिरत राहिलं तर परत बटण दाबू नका, आधी हिस्टरीत बघा पैसे गेलेत का. मुलं जे लाइव्ह मारामारीचे गेम खेळतात ते यावर नीट चालणार नाहीत, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि मुंबई-पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांनो, ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी बंदिस्त वाट) लावला की लाइन खूपच हळू वाटेल, कारण मॉडेम (डिशची केबल घरात ज्या डब्याला लागते तो) उशीर भरून काढायला ज्या युक्त्या करतो त्या व्हीपीएनच्या आत चालत नाहीत. तेव्हा कनेक्शन घ्यायच्या आधी तुमच्या आयटीवाल्यांशी बोला आणि आमच्याकडे येऊन एकदा तुमचा लॅपटॉप लावून बघा.

डिश कुठे लावायची यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. टीव्हीची डिश आग्नेयेकडे बघते म्हणून लोकांना वाटतं हिचं पण तसंच. आपलं कोकण साधारण 73-74 रेखांशावर आहे म्हणून ही डिश जवळजवळ सरळ दक्षिणेला आणि चांगली 70 अंश वर बघते, म्हणजे बराचसा डोक्यावरच. त्यामुळे आंबा, फणस, माड यांच्या गर्दीतही फक्त दक्षिणेचा वरचा एक तुकडा मोकळा असला की झालं. हिशोब असा, डिशपेक्षा 10 मीटर उंच माड दक्षिणेला असेल तर बुंध्यापासून 4 मीटरवर सिग्नल सुटतो, पण झावळ्या बाहेर येतात, वाऱ्यात हलतात आणि नारळ पण पडतात म्हणून आम्ही 8 ते 10 मीटर अंतर ठेवतो. कृपा करून डिशसाठी कलमं तोडू नका, आम्ही येऊन जागा बघू, बहुतेक वेळा खळ्यातच कुठेतरी मिळते.

कौलांवर आम्ही डिश लावत नाही, कितीही आग्रह केलात तरी. रीपा हलतात, वांदर बसतात, आणि डिश थोडी जरी सरकली तरी सिग्नल घसरतो. जमिनीत काँक्रीट करून जीआय पाइप उभा करायचा, तो ओळंब्यात, हीच पद्धत. त्या पाइपला कपडे वाळत घालायची दोरी बांधू नका, गुरं बांधू नका, आणि पोरांना डिशच्या तोंडासमोर खेळू देऊ नका कारण ती नुसती ऐकत नाही, तिच्या पुढच्या दांड्यावरून सिग्नल बाहेर पण जातो.

पाऊस. रिमझिम, भुरभुर, ढगाळ हवा, धुकं, यात काही होत नाही. पण जून-जुलैत मुसळधार कोसळतो तेव्हा लाइन आधी हळू होईल आणि मग काही मिनिटं बंद पडेल. आपले सिग्नल ज्या लहरींवर चालतात त्यांची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर असते आणि मोठ्या थेंबांची जाड सर आली की ते वाटेतच शोषले जातात. मॉडेम आपणहून स्पीड कमी करून सिग्नल धरून ठेवायचा प्रयत्न करतो म्हणूनच आधी हळू होते. सर ओसरली की आपोआप परत येते, तुम्ही काहीही करू नका, डिश हलवू नका, मॉडेमचं बटण परत परत बंद-चालू करू नका. आणि एक हात जोडून विनंती, पावसाळ्याआधी डिशवर ताडपत्री किंवा प्लास्टिक बांधू नका, त्यावर पाणी साचतं आणि सिग्नल अजून जातो. पाण्याचा खरा धोका केबलच्या जोडाला असतो. खारी हवा आणि पाणी आत गेलं की तांबं हिरवं पडतं, म्हणून जोडावर आम्ही रबराची टेप गुंडाळतो आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ देतो म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, तो झोळ ओढून सरळ करू नका.

अजून एक बंद पडायचं कारण आहे ज्याने लोक घाबरतात. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबर संपताना-ऑक्टोबर लागताना, काही दिवस भर उन्हात दुपारी सव्वाबारा ते एकच्या दरम्यान काही मिनिटं लाइन जाते. तेव्हा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो आणि त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. बिघाड नाही.

विजेबद्दल मात्र हयगय नको. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी कडकडाट जास्त असतो. गडगडायला लागलं की मॉडेमचा प्लग काढा आणि डिशकडून येणारी केबल पण मॉडेममधून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. डिशच्या पाइपला आम्ही वेगळं अर्थिंग करून देतो पण आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कुचकामी ठरतं, तेव्हा मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. लाईट गेल्यावर लाइन चालू हवी असेल तर मॉडेम आणि राउटर मिळून 50 वॉट धरा. 150 एएचची चांगली बॅटरी फक्त त्यांनाच दिली तर रात्र आरामात निघते, पण त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि टीव्ही असेल तर नाही.

डेटा हा सगळ्यांत नाजूक विषय. प्लॅनमधला हाय-स्पीड डेटा संपला की लाइन रांगायला लागते. मोठ्या टीव्हीवर नेटफ्लिक्स एचडीमध्ये लावलं तर तासाला 3 जीबीपर्यंत जातात, साध्या क्वालिटीत 1 जीबीपर्यंत, तेव्हा एकदा सेटिंग करून ठेवा. व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड बंद करा, गुगल फोटोचा बॅकअप वाय-फायवर बंद करा, कारण फोनला वाटतं वाय-फाय म्हणजे फुकट. लॅपटॉपवर विंडोजला हे कनेक्शन मीटर्ड (मोजून डेटा मिळणारं) आहे असं सांगा, नाहीतर एका अपडेटमध्ये कितीतरी जीबी जातील. आणि गणपती! चाकरमानी आले की एका घरात पंधरा फोन लागतात आणि आरतीचे व्हिडिओ वर चढायला लागतात, तिसऱ्या दिवशी डेटा संपतो आणि दोष डिशला. त्याआधी आम्हाला सांगा, पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं वाय-फाय आणि त्याला स्पीडची मर्यादा लावून देऊ, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ज्या घरात मोबाईलची रेंजच नाही तिथे बँकेचा ओटीपी येत नाही ही अडचण म्हाताऱ्या माणसांना फार छळते. जिओ आणि एअरटेलच्या सिमवर वाय-फाय कॉलिंग मिळतं, फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करा, बहुतेक फोनवर मग ओटीपी घरात बसून येतात आणि साधे कॉल पण लागतात, फक्त आवाज थोडा उशिरा पोचतो.

कनेक्शन तुमच्या नावावर आणि तुमच्या जागेवर नोंदलेलं असतं. डिश उचलून दुसऱ्या गावातल्या घरी नेऊ नका, आणि शेजाऱ्यांना महिन्याचे पैसे घेऊन वाय-फाय देऊ नका, लायसन्सशिवाय ते बेकायदेशीर आहे.

स्टारलिंकसाठी थांबू का, असं रोज विचारतात. त्यांना जून 2025 मध्ये भारताचं लायसन्स मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांची नावं आहेत. त्यांचे सॅटेलाइट पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात म्हणून अर्ध्या सेकंदाचा उशीर तिथे राहत नाही, हा मोठा फायदा आहेच. पण ते सतत सरकत असतात, त्यांच्या डिशला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो आणि माडांच्या बागेतल्या घरात हे सोपं नाही. तुमचं काम अडलेलं नसेल आणि घर माळावर असेल तर थांबा, आम्हाला वाईट वाटणार नाही. परदेशातून कोणी डिश आणून लावून देतो म्हणाला तर मात्र ठाम नाही म्हणा, परवानगीशिवाय अशी डिश घरात ठेवणं सुद्धा गुन्हा ठरू शकतो.

लाइन बंद पडली आणि आकाश निरभ्र असेल तर फोन करायच्या आधी मॉडेमवर कुठले दिवे लागलेत त्याचा आणि डिशचा पूर्ण पाइपासकट एकेक फोटो काढून रेंज मिळेल तिथून पाठवा. कधी कधी तेवढ्यावरूनच फोनवर काम होतं आणि घाट उतरून यायचं भाडं तुमचं वाचतं.